खुर्चीवरची जाहिरात

मी बनारसमध्ये फ्लॅट विकतो. टीव्हीवर मॅच लागली की मी खेळापेक्षा जाहिरातीच जास्त बघतो. मोठ्या कंपन्या आधी माणसाला घाबरवतात. बापाची रिकामी खुर्ची दाखवायची आणि विमा विकायचा! डोकं फिरतं माझं, पण माल खपतो.

मग मीही तेच करायचं ठरवलं. आमच्या रामघाटाच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. ते मोबाइलवर शूट करायचं आणि शेवटी नव्या सोसायटीची लिफ्ट दाखवायची. आजारी माणूस म्हणून बाबांनाच बसवलं. "मी कट म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत," असं त्यांना बजावलं.

चौघांनी खुर्ची उचलली. बाबांनी मान एका बाजूला टाकली. समोरून येणारे लोक भिंतीला चिकटून उभे राहिले. या गल्लीतून रोज तिरड्या जातात, सगळ्यांना सवय आहे. पानवाल्याने हात जोडले. त्याच्या शेजारच्या बाईने डोक्यावर पदर घेतला आणि हळूच मला विचारलं, "कब हुआ?"

मी स्क्रीनवर बाबांची छाती हलतेय का ते बघू लागलो. हलताना दिसेना. झूम करून पाहिलं, तरी तेच. कोपऱ्यावर खुर्ची खाली टेकवली, तरी बाबा तसेच. मी धावत जाऊन त्यांचे खांदे गदागदा हलवले.

त्यांनी डोळे उघडले आणि वैतागून म्हणाले, "अरे, तू कट म्हणालाच नाहीस!"