आमच्या गायकाचं मरण

घाटंजीत आमचा रॉक बँड होता हे सांगितलं की लोक अजून हसतात. हसू द्या. कापसाची ती वाईट वर्षं होती. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही चौघं सराव करायचो. मी गाणी लिहायचो आणि बेस वाजवायचो, गायचा तो. पहिला ड्रमर कामाला सुरतेला गेला, त्याच्या जागी वरातीत वाजवणारा एक जण आला. गिटारवाला शिकायला पुण्याला गेला, तेव्हा गायकानंच गिटार गळ्यात घातली. माणसं बदलली, आवाज त्याचाच राहिला.

मग त्याला कावीळ झाली. यवतमाळच्या दवाखान्यात आठवडाभरात तो गेला.

त्याच्यासाठीच्या पुण्यानुमोदनाला बुद्धविहारासमोर मांडव होता. आमच्यात वंदना झाली की माइक फिरतो; ज्याला वाटेल त्यानं गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे. गिटारवाला पुण्याहून आला होता, सोबत एक कॅमेरावाला. बोलता बोलता तो रडला आणि म्हणाला, की कापसानं आपल्या गायकाचा बळी घेतला, त्याचा हात विषाच्या डब्याकडे जाईपर्यंत कोणी त्याला विचारलं नाही. त्या वर्षांत आमच्याकडचं कोणतंही तरुण मरण बाहेरच्यांना असंच ऐकायचं असे. मांडवातही काहींनी माना डोलावल्या. दवाखान्यात त्याला भेटून आलेल्यांनीसुद्धा.

त्याची आई बायकांमधून उठली.

"माह्या पोराले कावीळ झालती. त्यानं जीव नाही देल्ला. थो मराले तयार नव्हता. सांग आता, ह्याच माइकात."

गिटारवाल्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. "मावशी, मी मंग सांगतो," म्हणाला आणि माइक ठेवून खाली उतरला.

मी त्याला मांडवामागे गाठलं. पुण्यात आपल्या बँडचा कार्यक्रम ठरलाय, नवा गायकही मिळालाय, असं तो सांगू लागला. लोक ही जीव दिल्याची गोष्ट ऐकूनच येणार होते. मावशीला समजावणं त्यानं माझ्यावर टाकलं; तू गाणी लिहिणारा, तुझं ती ऐकेल, म्हणाला. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो अजून उतरलेला नाही.

"माह्यी गाणी तुले भेटणार नाहीत," एवढंच मी म्हणालो.

मग आत जाऊन माइक घेतला. मला चारचौघांत बोलता येत नाही. आमचा गायक काविळीनं गेला, त्यानं जीव दिला नाही, त्याला जगायचं होतं, इतकंच बोललो. कॅमेरा तोवर पिशवीत गेला होता.

त्याची आई अगदी माइकजवळ येऊन बसली.

"अजून एकदा सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं.