सहा मिनिटांची वरात

माझ्या धाकट्या बहिणीची, सुनूची, वरात सहा मिनिटांत आटोपली, आणि त्याला मी एकटाच जबाबदार आहे.

नव्वदीतली गोष्ट. पनवेलच्या रद्दीवाल्याकडून मी परदेशी मोटारींची मासिकं किलोवर आणायचो आणि स्वतःला इंजिनिअर समजायचो. (शिक्षण बी.कॉम., तेही दुसऱ्या प्रयत्नात.) एका अंकात नायट्रस गॅसवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीला कॅमशाफ्ट कसा निवडावा, याचा तक्ता होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप करणारा दांडा. झडपा जास्त वेळ उघड्या राहिल्या की गाडी सुसाट. तक्त्यात पाच नमुने होते, मी पाचवा निवडला. हॉटेलातही मी कार्डावरचा शेवटचाच पदार्थ मागवतो आणि मग आईच्या ताटातलं खातो.

गॅससाठी तळोज्याच्या केमिकल कारखान्यातल्या मित्राला गाठलं.

"अरे, तो दाताच्या डॉक्टरकडे असतो. हसायचा गॅस," तो म्हणाला. "तुला कशाला हवा? तुझ्याकडे बघून लोक तसेही हसतात."

म्हटलं, गॅसचं नंतर बघू, आधी कॅमशाफ्ट तर बसू दे.

गाडी बाबांची. जुनी, काळी, रोज स्वतःच्या हाताने पुसलेली. सुनूचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि बाबांनी व्याह्यांना शब्द दिला होता, "जोडपं आमच्याच गाडीतून येईल." मी सर्व्हिसिंगचं निमित्त करून गाडी पांडू मिस्त्रीकडे नेली. त्याने एक जुना दांडा तक्त्यासारखा घासून आणला, बसवला आणि इंजिनाची धडधड बराच वेळ ऐकत राहिला.

"भाऊ, ही आता पळंल. पन हळू चालनार नाय."

"हळू चालवायचीय कुणाला?"

"मंग ठीक हाय," म्हणून पांडूने हात पुसले.

वरातीची गाडी माणसांच्या चालीने जाते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलबाहेर बँड सुरू झाला. मागे सुनू आणि जावई बसले, स्टिअरिंगवर मी. क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा सोडला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा व्याह्यांनी बाबांकडे बघितलं आणि बाबांनी माझ्याकडे. ती नजर बघून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तो दाबलाच. क्लॅरिनेटवाला उडी मारून गटारापलीकडे गेला.

"दादा, हळू!"

"हळू घेतली की बंद पडते गं!"

"मग पडू दे ना बंद!" जावई म्हणाले. आयुष्यात माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

चार किलोमीटर, सहा मिनिटं. सासरच्या दाराला कुलूप. किल्ली सासूबाईंच्या कमरेला, आणि सासूबाई तिकडे हॉलपाशी. ओवाळायला कोणी नाही, उंबऱ्यावर माप नाही. सुनू शालूसकट पायरीवर बसली. मी आपला गाडीतच, इंजिन बंद पडू नये म्हणून ते घुरघुरत ठेवून. आवाजाने शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"काय गं, लग्न मोडलं का?"

सुनूला रडू कोसळलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाऊण तासाने सासूबाई आणि बाबा एकाच रिक्षातून उतरले. खिडकीतून हात घालून बाबांनी चावी फिरवली आणि ती खिशात टाकली. सासूबाईंनी सुनूचे डोळे पदराने पुसले.

"बाई गं, सासरी यायची एवढी घाई झालेली सून आमच्या घराण्यात पहिलीच," त्या म्हणाल्या. सुनू रडता रडता हसली. मग माप ओलांडलं, सगळं रीतसर झालं.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. वरातीला बाबांनी बैलगाडी सांगितली. "हिला कॅमशाफ्ट नसतो," ते भेटेल त्याला सांगत होते. वरात झकास अडीच तास चालली. फक्त माझ्या शेजारी, बायकोच्या जागेवर, बाबा बसले होते. मी बैलांना हात लावू नये म्हणून.