सोलापूरचं पंचेचाळीस आणि माझ्या यंत्राचं तीस

अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात मी सोलापूरला गेलो तो पुण्यातल्या माझ्या साहेबांच्या एका वाक्यावर. "जा, एक सही ठोक आणि परत ये." या ब्लॉगवर मी आजवर घाट, किल्ले आणि मिसळ यांवरच लिहीत आलो. हा प्रवास मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण त्याची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं. परवा एका वाचकाने विचारलं, "काका, मे महिन्यात सोलापूर करावं का?" म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

आधी सही कसली ते सांगतो. मी तेव्हा पुण्यात मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. सोलापूरच्या एका कापड गिरणीत आम्ही असं एक यंत्र बसवलं होतं. प्रत्येक खात्यात तापमान ओळखणाऱ्या तारा लावायच्या, त्या सगळ्या एका कपाटाएवढ्या यंत्रात आणायच्या, आणि यंत्राने दर पाच मिनिटांनी एकेका तारेची पाळी घेऊन तिथल्या उष्णतेचा आकडा करून कागदाच्या रिळावर छापायचा. गिरणीत सगळे त्याला 'कॉम्प्युटर' म्हणत. जानेवारीत ते बसवलं मीच.

आता गिरणीतला नरसय्या नावाचा कामगार म्हणत होता, की उकाड्याने भोवळ येऊन तो पडला. गिरणीचं म्हणणं, तो कामावर झोपला आणि त्याच्या झोपेपायी सुताचा अख्खा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, जळाला. कागदावर त्या वेळचं तापमान होतं तीस. तिसाला कुणाला भोवळ येते? चौकशी लागली होती, नोकरी जायची वेळ आली होती, आणि यंत्र अचूक आहे एवढं लिहून द्यायला मला धाडलं होतं.

पुण्याहून सकाळची एसटी पकडली. आता चौपदरी रस्त्याने चार-साडेचार तासांत पोचता, तेव्हा दिवस मोडायचा. भिगवणला चहा, इंदापूरला भजी, आणि टेंभुर्णीच्या पुढे खिडकीचा पत्रा हाताला चटके द्यायला लागला. उजनीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं, त्यामुळे वाटेत डोळ्याला गारवा म्हणून काही नव्हतं. शेजारचा म्हातारा धोतराच्या सोग्याने वारा घेत म्हणाला, "अजून मोहोळ बी आलं न्हाय, आन् तुमी आत्ताच घामाघूम? सोलापुरात काय कराल ओ?" मी हसलो. आपल्याला सोलापूरच्या उन्हाची सवय नाही, एवढंच मनात आलं. तो विचार दुसऱ्या दिवशी मला फार महागात पडणार होता.

नवी पेठेतल्या एका लॉजवर उतरलो. खोली पाच-सहा रुपयांची, पंखा फिरतोय की नुसता आवाज करतोय हे हात वर करून बघावं लागे. पण खाली खानावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही असं जेवलो, की ते आजही शिफारस म्हणून लिहितो. चटणी तेल घालून खा. सुकी खाल तर पाणी पीत बसाल.

सकाळी गिरणीत गेलो. मॅनेजरसाहेबांच्या केबिनला वाळ्याचे पडदे, एक माणूस त्यांवर पाणी मारायला ठेवलेला. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "वाचायची गरज नाही. सही इथं." मी म्हटलं, एकदा यंत्र बघून घेतो. ते म्हणाले, "बघा की. पण उद्या सकाळी चौकशी आहे, हे ध्यानात ठेवा."

नरसय्याचं खातं म्हणजे सायझिंग. तिथे सुताला खळ लावतात आणि वाफेने तापलेल्या मोठमोठ्या पिंपांवरून ते वाळवतात. दुपारी दोनला आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला, कानशिलं ठणकायला लागली. बाहेर येऊन यंत्राचा कागद पाहिला. तीस. आणि मी काय विचार केला असेल? 'यंत्र म्हणतंय तीस, म्हणजे मलाच सवय नाही.' माझ्या स्वतःच्या अंगावरून घामाच्या धारा लागलेल्या, आणि मी कागदावर विश्वास ठेवला! हे लिहिताना आजही स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

खात्याचे जॉबर धोंडिबा माझ्याकडे बघत होते. जॉबर म्हणजे खात्यातल्या कामगारांचा मुकादम. पन्नाशीचे, माळशिरसकडचे, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाले, "सायेब, कागूद खोटा हाय असं मी म्हनत न्हाय. तुमी शिकल्याली मानसं. पर हितं अर्धा घंटा हुबं ऱ्हावा की, मंग लिवा काय लिवायचं ते."

"इथे आधी भिंतीवर काचेचा तापमापक होता ना?" मी विचारलं.

"व्हता की. मीच वाचायचो, रोज तीन टायमाला, वहीत लिवायचो. तुमचा कॉम्पुटर आला आन् सायबांनी काच काढून स्टोअरमधी टाकली. म्हनले, आता मशीन बगतंय, तू कशाला बगतोस?"

"ती काच आणता?"

धोंडिबांनी ती आणली. रुमालात गुंडाळून, पोटाशी धरून आणली. खात्यात पंधरा मिनिटं टांगली. पंचेचाळीस!

मी यंत्राच्या खोलीकडे धावलो. बॉयलरच्या भिंतीला लागून असलेली पत्र्याची खोली. तिथे काच टांगली, चाळीस दाखवू लागली. आणि मग मला सगळं कळलं.

हे जरा समजावून सांगतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. दोन वेगळ्या धातूंच्या तारांची टोकं जोडली आणि जोड तापवला, की तारांत अगदी नखाएवढी वीज येते. यंत्र ती मोजून आकडा करतं. पण ती वीज खात्याची गरमी सांगत नाही. खातं आणि यंत्राची खोली यांतला फरक सांगते. एखाद्याने नुसतं 'तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा' म्हणावं तसं. सांगणाऱ्याचं स्वतःचं वय ठाऊक नसेल तर त्याला काय अर्थ? म्हणून यंत्राला त्याच्या खोलीचं तापमान आधी सांगून ठेवावं लागतं. मी पुण्यात ऐन हिवाळ्यात बसलो होतो आणि एक बटण पंचवीसवर फिरवून त्यावर लाल रंगाचा ठिपका मारला होता. जानेवारीत सोलापुरातही खोलीत पंचवीसच होतं. काच आणि कागद तंतोतंत जुळले, आम्ही पेढे वाटले, आणि त्या जुळणीच्या जोरावर भिंतीवरची काच उतरली. मे महिन्यात खोली चाळीसवर गेली. यंत्र बापडं पाच अंशांचा फरक इमानाने मोजत होतं आणि त्यात माझे पंचवीस मिळवून तीस छापत होतं. मे महिना नावाची गोष्ट असते, हे पुण्यातल्या आम्हा सात इंजिनिअरांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

पोस्टात जाऊन पुण्याला ट्रंक कॉल लावला. आमच्या साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"किती जणांना माहीत आहे?"

"मला, आणि इथल्या एका जॉबरला."

"मग सही करून ये. पुढच्या महिन्यात देखभालीच्या नावाखाली बटण फिरवून टाकू. अजून तीन गिरण्या यंत्र घ्यायला तयार आहेत, कळतंय का तुला?"

"साहेब, माणसाची नोकरी जातेय."

"गिरणीतल्या माणसाच्या नोकरीशी आपला काय संबंध?"

मी फोन आपटला. आयुष्यात वरिष्ठांवर आपटलेला तो पहिला फोन. रात्री लॉजवर जेवण गेलं नाही.

सकाळी चौकशीला नरसय्या समोर आला. भवानी पेठेतल्या विणकर घरातला, चाळिशीचा, सडपातळ, धुतलेला पांढरा सदरा, कपाळावर खोक पडलेली. कुणी त्याला बस म्हटलं नाही. मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो, "सही करत नाही. चूक माझी आहे. चला, खात्यात उभं राहून काच दाखवतो."

साहेब खुर्चीतून हलले नाहीत. "मी कशाला खात्यात येऊ? इथं बसून आकडा कळावा म्हणून तर यंत्र घेतलं."

मी नरसय्या पडला त्या तारखेचं रीळ उलगडलं, तिसावर काट मारली, शेजारी पंचेचाळीस लिहिलं, कारण लिहिलं आणि खाली सही केली. वाटलं, आता आरडाओरडा होईल. छे! साहेबांनी रीळ हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "शिक्का आणलाय?" आणला होता. मारला. "मग ठीक," ते म्हणाले. दहा मिनिटांत आरोप मागे. चौकशीपायी नरसय्याला घरी बसवलेले नऊ दिवस रजा धरले. खोकेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गेटबाहेर नरसय्या भेटला. मला वाटलं, हा आता हात जोडणार, आणि मी मोठेपणाने नको नको म्हणणार. तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "मी पडलो त्या दिशीच सांगितलो की, लई गरम हाय म्हणून. मॅनेजरला सांगितलो, डॉक्टरला सांगितलो. कोण बी ऐकला नाही. तुमी कागदावर लिवलं, मग गरम झालं व्हय?"

तो पायी निघून गेला.

किल्ला, तलाव काही पाहिलं नाही. दुपारच्या एसटीने परत निघालो. वाटभर चिडलो होतो, आधी साहेबांवर, मग मॅनेजरवर. इंदापूर मागे पडेपर्यंत राग फिरून माझ्यावरच आला. मी तीस म्हटलं, त्यांनी मानलं. पंचेचाळीस म्हटलं, तेही मानलं. दोन दिवस मी त्या गावात होतो, भवानी पेठ लॉजपासून चालत जाण्याइतकी जवळ. त्या माणसाला 'नेमकं काय झालं' हे विचारायला मी तरी कुठे गेलो होतो?

तेव्हा, मे महिन्यात जाताय तर टोपी घ्या, पाणी घ्या, चादर नवी पेठेत घासाघीस करून घ्या. आणि तिथला माणूस उकडतंय म्हणाला, तर उकडतंय.

घरी पोचलो तेव्हा आई पडवीत पंख्याने वारा घेत बसली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "फार उकडत होतं का रे तिकडे?"

मी म्हणालो, "पंचेचाळीस."

साधं 'हो' म्हणायला मला जमलं नाही.