रखमाजी मास्तरची नवी चाल

भोरच्या बँडचा रखमाजी मास्तर स्वतः चाली रचायचा आणि लग्नांत त्याच वाजवायचा. सिनेमाच्या गाण्यांचं नाव काढलं की अंगावर यायचा. अडुसष्ट साली आंबवड्यात नवरदेवाला देवळातून मांडवाकडं नेताना त्यानं नवी चाल सुरू केली. नवरदेवाचा मामा आडवा उभा राहिला.

"मास्तर, ही रड बंद करा. सिनेमातलं वाजवा."

"तसलं ऐकायचं तर भोंगा आणायचा व्हता." रखमाजीनं काठी खाली करून बँड थांबवला. वाजंत्रीशिवाय नवरदेव पुढं सरकत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"मग वाजवणाऱ्यांची पंगत बसायची न्हाई," मामा म्हणाला.

सकाळपासून उपाशी असलेल्या ज्ञानूनं मास्तरकडं न बघता क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि सिनेमातलं गाणं धरलं. बाकीचे त्याच्या मागं गेले. रखमाजी थुंकला आणि भोरच्या वाटेला लागला.

पण ढोल मागं पडत होता. ते काही त्याला ऐकवेना. तो तरातरा परत आला.

"हलकटांनो, घाणच वाजवायची तर ठेक्यात तरी वाजवा."

मांडव येईपर्यंत तो शिव्या देत त्याच गाण्याला काठीनं ठेका देत राहिला.

मामानं हसत पहिलं पान मास्तरला वाढलं. मास्तर त्या पानाकडं पाठ करून ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला.