खंडेनवमी आणि प्लेट रीडर

२८ सप्टेंबर. नवा प्लेट रीडर यायचाय, म्हणून जुना पुसून खोक्यात भरायला घेतला. शहाण्णव खळग्यांची, तळहाताएवढी प्लेट ट्रेवर ठेवली की हा ती आत ओढून घेई आणि प्रत्येक खळग्यातल्या द्रवाचा रंग किंवा चमक मोजून आकडे देई. खळग्यांना आम्ही वेल म्हणतो. गंगापूर रोडवरच्या आमच्या लहानशा लॅबमध्ये तो आला तेव्हा पेढे वाटले होते. तेव्हा आम्ही तिघंच: सर, मी आणि देवळा गावाकडची एक मुलगी. बाहेरच्या पॅसेजमध्ये डबे उघडायचो आणि घास हातात धरून त्याची घरघर ऐकायचो.

पहिल्याच खंडेनवमीला त्याची पूजा केली. झेंडूचा हार, हळदकुंकू. दसऱ्यानंतर बेदाण्यातल्या बुरशीच्या विषाची तपासणी सुरू झाली. ती चमक मोजून करायची. काम देवळ्याकडच्या मुलीकडे होतं. ती सहा महिने काम बघून कायम करायच्या बोलीवर लागली होती आणि तो त्यातला शेवटचा महिना. आकडे रोज बिघडायला लागले. एका कोपऱ्यातले वेल भलतेच चमकत.

"हिचा हात बसलेला नाही," सर मला म्हणाले. "शनिवारपर्यंत बघू. नाहीतर दुसरं कुणी."

मलाही तसंच वाटलं. तिला म्हटलं, "पिपेट धरतेस की पळी?"

"ताई, पळीनं वाढलं असतं तर सगळीकडंच सांडलं असतं. माझी चूक रोज एकाच कोपऱ्यात कशी जाऊन बसती?"

ती घरी गेल्यावर मी रिकामी प्लेट लावली. तोच कोपरा चमकला. ट्रे बाहेर काढून वाकून पाहिलं, तर कोपऱ्यात पिवळं बोट उमटलेलं. यंत्र प्लेटच्या बुडाकडून मोजत होतं आणि बुडाला रोज हळद लागत होती. यंत्राच्या निळ्या प्रकाशात हळद हिरवी चमकते, हे मला ठाऊक होतं. पूजेच्या दिवशी 'नुसतं बाहेरून काय लावायचं' म्हणत ट्रेला बोट लावणारीही मीच होते.

स्पिरिटने तीनदा पुसलं, तेव्हा आकडे जागेवर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी यंत्राच्या वहीत लिहिलं, 'ट्रेवर हळद. लावली मी. आधीचे सगळे आकडे रद्द.' खाली सही केली, वही त्यांच्या टेबलावर उघडी ठेवली आणि ती मुलगी आल्यावर तिच्या शेजारी बसून बेदाण्यांचे नमुने पहिल्यापासून भरायला घेतले.