कोपऱ्यातली पहिली प्लेट

बांबूची काडी टेबलावर दोनदा वाजली, की समजायचं, बाईंचा हुकूम सुटला. "हॉट ईट. टॉक लेटर." माझ्यासमोर बोलायला कुणी नसायचंच, तरी हुकूम तोच.

ऐंशीच्या दशकात मी ह्यूस्टनमध्ये एकटा राहत होतो. बायको नागपूरला आणि तिचे व्हिसाचे कागद कुठल्यातरी फायलीत. रविवार तर खायला उठायचा. जवळच्याच शुगर लँड गावातले एक मराठी डॉक्टरकाका म्हणाले, "अरे, एक व्हिएतनामी बाई तांदळाच्या सुरळीच्या वड्या करते यार! सकाळीच ड्राइव्ह करून जा."

लाँड्रीशेजारी चार टेबलांचं दुकान. उकळत्या पातेल्याच्या तोंडाला कापड ताणून बांधलेलं. बाई त्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीने पसरायच्या, झाकण ठेवायच्या आणि मिनिटभरात ती आरपार दिसणारी पोळी काडीने अलगद उचलून, सारण भरून गुंडाळायच्या. याचं नाव बान कुऑन. सारण डुकराच्या मांसाचं. मी नको म्हणालो, तेव्हा बाईंनी माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. पुढच्या रविवारी माझ्या गुंडाळीत वाफवलेली मूगडाळ होती. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. वरचा कांदा कुरकुरीत तळलेला, त्यामुळे त्याच्यावर ढकलताही येईना.

तुम्ही तिथे असता तर तुमच्याही लक्षात आलं असतं: रोजची पहिली प्लेट कोपऱ्यातल्या टेबलावर जायची. बाजूला चॉपस्टिक्स, समोर रिकामी खुर्ची. तिथे कुणी बसायचं नाही.

मी आपला पितृपक्षात वाढलेला माणूस. वाढलेलं पान आणि जेवणारा नाही, म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. एका रविवारी जाता जाता मी त्या प्लेटीसमोर उभा राहिलो आणि भक्तिभावाने हात जोडले.

बाई काडी घेऊनच धावल्या. "नो डेड! नो डेड!" त्यांनी माझे जोडलेले हात ओढून वेगळे केले. "हजबंड. कॅम्प. ही कम!"

व्हिएतनामची लढाई संपल्यावर जिंकलेल्यांनी नवऱ्याला छावणीत कैदेत नेलं होतं. तो सुटून येईल म्हणून ती प्लेट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी मुद्दाम रेंगाळलो. दुपारी दुकान आवरताना बाई त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या आणि ती गार झालेली प्लेट त्यांनी स्वतः खाल्ली. दुसऱ्या कुणाला त्यांनी गार घास खाऊ दिला नसता.

दोन वर्षं गेली. माझ्या बायकोचे कागद झाले, पुढच्या महिन्यात ती येणार होती. हे बाईंना सांगावं म्हणून मी घाईघाईने दुकानात शिरलो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक कुटुंब जेवत होतं.

भिंतीवर नवी फळी होती. तिच्यावर एका तरुणाचा जुना फोटो, उदबत्ती आणि पहिली प्लेट. तिची वाफ अजून निघत होती.

बायकोची गोष्ट माझ्या तोंडातच राहिली. बाई आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि एकमेकांवर जुळवले.

"नाऊ यू डू."

मी डोळे मिटले. फळीवर काडी दोनदा वाजली.