सासूचा दात

आमच्या भांडुपच्या चाळीत गणपतीला नाटक व्हायचं आणि त्यात सासू मी असायचे. वय बावीस, लग्नाचा पत्ता नाही, मरोळच्या एका कारखान्यात टायपिस्ट, पण भाद्रपद आला की मी कुणाची तरी खाष्ट सासू. कारण एकच, माझा वरचा पुढचा दात काळा होता.

मी लहान असताना लंगडी खेळता खेळता नळावर आपटले. ओठ फाटला, दात हलला, पण पडला नाही म्हणून आईने हुश्श केलं. मग तो हळूहळू आधी राखाडी झाला, मग तपकिरी आणि शेवटी काळा ठिक्कर. आईने मीठ, कोळशाची पूड, लिंबू, खायचा सोडा, जे कोण सांगेल ते त्यावर घासून घेतलं. त्याने बाकीचे दात झकास झाले आणि हा आणखीच उठून दिसायला लागला. शेवटी तिने दाताचा नाद सोडला आणि मला धरलं. "तोंड झाकून हस गो," हे तिचं कायमचं पालुपद. मला इतकी सवय लागली की हसू यायच्या आधी हात वर जायचा. फोटोत तर मी नेहमी ओठ मिटून, मयताला आल्यासारखी उभी.

नाटक बसवायचे ते तळमजल्यावरचे काका. पोस्टातून रिटायर झालेले, पण त्यांचा समज असा की रंगभूमी त्यांच्यासाठी खोळंबली आहे. मी दरवर्षी नायिकेचं काम मागायचे आणि ते दरवर्षी सांगायचे की तुझा दात ही देवाची देणगी आहे, ती वाया घालवू नकोस. खोटं कशाला बोलू, मी स्टेजवर येऊन नुसतं तोंड उघडलं की मंडप हसायचा, वाक्य नंतर. पण नायिका व्हायची चाळीच्या सेक्रेटरीची मुलगी, आणि तिचं पाठांतर म्हणजे आनंद होता. ती अडकली की मीच प्रेक्षकांकडे पाठ करून तिला वाक्य पुरवायचे. सासूने सुनेला प्रेमाचे संवाद पुरवायचे! त्या वर्षी माझं डोकं फिरलं. एकदा तरी मला ती सून व्हायचंच होतं.

मुलुंडला एका तरुण दातांच्या डॉक्टरने नवीनच दवाखाना टाकला होता. मी आईला घेऊन तिथे गेले. आईची कल्पना अशी की तो दात उपटेल आणि खोटा बसवेल, काम खलास. त्याने छोटा आरसा आत घालून बघितलं आणि म्हणाला, "बाहेरून घासून काही होणार नाही. काळं आत आहे. आतूनच पांढरा करावा लागेल." हा आपल्याला फसवतोय का गं, असं आईने मला त्याच्यासमोरच विचारलं. बिचाऱ्याने मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आपटल्यावर आतली नस मेली, रक्त दातात मुरलं. आता मागच्या बाजूने भोक पाडून आतलं साफ करायचं, मूळ बुजवायचं, पोकळीत पांढरं करणारं औषध भरायचं आणि वर सिमेंट लावून आठवडाभर घरी पाठवायचं. औषध आत आपलं काम करत राहतं. सिमेंट म्हटल्यावर आई पुन्हा बिथरली.

मग माझे शनिवार मुलुंडला जायला लागले. लवंगेच्या तेलाचा वास नाकात घेऊन यायचं, पेरू खायचा नाही, आणि पुढच्या शनिवारी जुनं औषध काढून नवीन भरायचं. दात आधी कोऱ्या चहासारखा झाला, मग त्यात दर आठवड्याला थोडं थोडं दूध पडत गेलं. डॉक्टरला माझ्यापेक्षा जास्त आनंद. बाहेर बसलेल्या पेशंटांना आत बोलावून तो माझा ओठ वर करून दाखवायचा. एका गुजराती आजोबांनी तर चष्मा पुसून बघितलं आणि बहु सरस म्हणाले. शेवटी त्याने तो बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा केला, म्हणाला, थोडा उतरतो नंतर. तसा तो उतरला आणि शेजारच्या दाताशी तंतोतंत जुळला.

गंमत म्हणजे चाळीत कुणाला काही कळलं नाही. माझा हात तोंडावर असायचाच, कोण बघणार! मीही कुणाला सांगितलं नाही. कामं वाटायच्या दिवशी काकांनी मान वर न करताच सासू माझ्या नावावर टाकली. मी उठून उभी राहिले आणि सगळे दात दाखवून हसले.

काकांनी चष्मा काढला, परत घातला. "अगं, काय करून बसलीस? माझी सासू मारलीस की गं."

नायिकेचं विचारलं तर म्हणाले, ते कधीच ठरलंय, मंडपाला परवानगी सेक्रेटरीची लागते. मी म्हटलं, मग मी नाटकातच नाही. घरी येऊन भरपूर रडले. एवढे शनिवार काय नुसता दात धुवायला गेले होते मी?

सासू तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मिळाली. त्यांची फजिती बघायची म्हणून मी मुद्दाम तालमीला गेले. काकू माझी वाक्यं अशी म्हणत होत्या की जणू शिरा वाढतायत. "कार्टे" सुद्धा इतक्या मायेने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी सासू इतकी मिळमिळीत? मी तिथल्या तिथे काकांना सांगितलं, मीच करते, दात रंगवा. काकूंनी तर सुटल्याच्या आनंदात मला चहा पाजला.

प्रयोगाच्या दिवशी मेकअपवाल्याने माझा ओठ उचलला आणि कुठला ते विचारलं. डॉक्टरचं काम इतकं चोख की त्याला ओळखता येईना. मी म्हटलं, डावा. त्याने दात पुसला, कसलासा काळा रंग लावला, फुंकर मारून वाळवला. आरसा नायिकेच्या ताब्यात होता. तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

मी एंट्री घेतली आणि तोंड उघडलं. हशा नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. वाट लागली, दात गेला तशी सासूही गेली. तेवढ्यात पुढे सतरंजीवर बसलेली शेजारची म्हातारी सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "गे बाय, हिचो दात सरकलो!"

मी जीभ दातांच्या मागून-पुढून फिरवली. सिमेंटचा खरखरीतपणा एका दातामागे लागला आणि रंग भलत्याच दातावर. मेकअपवाल्याने डावा रंगवला होता, पण त्याच्या बाजूचा डावा. लोक हसायला लागले आणि माझा हात सवयीने तोंडाकडे निघाला. विंगेत काका डोकं धरून बसले होते. हात अर्ध्यावर आला तेव्हा मला माझाच इतका राग आला की तो मी कमरेवर ठेवला.

"काय बघताय?" मी म्हटलं. "दात माझा आहे. वाटेल तिथे काळा करीन!"

मंडप कोसळायचा बाकी राहिला. नायिका सगळं विसरली, मी तिची वाक्यं उघड उघड मोठ्याने सांगितली, तर त्यालाही टाळ्या. बायकांच्या रांगेत आई बसली होती. ती पदर तोंडाला न लावता हसत होती, आणि ते बघून मलाही हसू आवरेना.

त्या वेळी कुणीतरी फोटो काढला. कमरेवर हात, तोंड उघडं, मी हसतेय. तरुणपणीचा माझा तसा तो एकच फोटो. घरी येणारं कुणी तो बघून विचारतं, हाच का तुझा मेलेला दात? मी सांगते, नाही, तो त्याच्या शेजारचा, पांढरा.